कोहाची नवी आवृत्ती तपासायला दोन रविवार द्या

सप्रेम नमस्कार,

आपल्या वाचनालयाची देवघेव, दाखल नोंदी, वर्गणी, दंड हा सगळा कारभार ‘कोहा’ या संगणक प्रणालीवर चालतो. तिच्या परवान्यासाठी आपण एक रुपयाही भरत नाही. ती मुक्त प्रणाली आहे, कोणीही घ्यावी, वापरावी, हवी तशी बदलावी. दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये तिची नवी मोठी आवृत्ती येते, आणि वर्ष-महिना हाच तिचा क्रमांक असतो. २४.११ म्हणजे २०२४ चा नोव्हेंबर. यंदाच्या नोव्हेंबरच्या आवृत्तीचा ‘रिलीज कँडिडेट’ आता लवकरच येईल. तो तपासायला आम्हाला माणसं हवी आहेत, एक संगणक हवा आहे आणि थोडे पैसेही हवे आहेत.

रिलीज कँडिडेट म्हणजे प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर उभी असलेली आवृत्ती. आधी नव्या सोयी घेणं बंद होतं. मग पडद्यावरची वाक्यं गोठवली जातात, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना वेळ मिळतो. त्यानंतर कँडिडेट बाहेर पडतो आणि जगभरच्या ग्रंथालयांना सांगितलं जातं, की चालवून बघा, काही मोडलं असेल तर आत्ता सांगा. हातात मोजकेच दिवस असतात. या दिवसांत सांगितलेली चूक प्रसिद्धीआधी दुरुस्त होण्याची आशा असते. नंतर सांगितली तर ती आधी सगळ्यांच्या काउंटरवर पोचते आणि मग निस्तरत बसावं लागतं.

आम्ही हे अनुभवाने शिकलो. मे २०१७ च्या आवृत्तीत पुस्तकाची संपूर्ण नोंद कोहाच्या माहितीसाठ्यातल्या एका तक्त्यातून काढून दुसऱ्या नव्या तक्त्यात ठेवली गेली. बदल योग्य होता आणि आवृत्तीसोबतच्या टिपणात स्पष्ट लिहिलेलाही होता. आम्ही ते टिपण वाचलं नाही, आधी कुठे चालवूनही पाहिलं नाही. थेट चालू यंत्रावर नवी आवृत्ती चढवली. वार्षिक अहवालासाठी भाषावार पुस्तकसंख्या काढायला गेलो, तर वर्षानुवर्षं चालत आलेला आमचा रिपोर्ट उघडेचना. तो जुन्याच तक्त्यात नोंदी शोधत होता. मुदत तोंडावर आली होती. ग्रंथपाल, लिपिक आणि मंडळाचे दोन सदस्य चार दिवस दाखल नोंदवह्या पुढ्यात घेऊन हाताने मोजत बसले. तोच रिपोर्ट पंधरा दिवस आधी वेगळ्या संगणकावर, डेटाच्या प्रतीवर चालवला असता, तर अर्ध्या तासात कळलं असतं.

म्हणून यंदा रीतसर तपासणी करायची ठरवली आहे. आणि मनापासून सांगतो, हे संगणकवाल्यांचंच काम आहे असं समजून कोणी मागे राहू नका. पाच-दहा वर्षं काउंटरवर पुस्तकं दिलेला माणूस यात सर्वांत उपयोगी पडतो, कारण कुठे काय दिसायला हवं हे त्याच्या हाताला माहीत असतं.

दिवाळी अंकांचंच घ्या. कँडिडेट नेमका यांच्याच गर्दीत येतो. आपल्याकडे दिवाळी अंक हा वेगळा साहित्यप्रकार केलेला आहे: अंक ३ दिवसांसाठी मिळतो, मुदतवाढ नाही, योजनेची वर्गणी वेगळी. तपासणाऱ्याने एवढंच करायचं, की चाचणीच्या संगणकावर अंक द्यायचा आणि परतीची तारीख पाहायची. मग मुदतवाढ मागायची. यंत्राने नकार दिला पाहिजे. चौथ्या दिवशीची तारीख टाकून परत घ्यायचा. दंड लागला पाहिजे. शेवटी पावती छापायची आणि ‘दिवाळी’ मधल्या वेलांट्या जागच्या जागी आहेत का ते बघायचं. चहाचा कप संपेपर्यंत एवढं होतं. अशा पन्नासेक तपासण्यांची यादी आम्ही केली आहे.

दुसरी गोष्ट शोधाची, आणि ती आपल्याशिवाय दुसरं कोणी तपासणार नाही. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्’ काही जण ‘ऱ’ ची कळ दाबून टंकतात, काही जण ‘र’ चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे शब्द असू शकतात. ‘ॲ’ चंही तेच: कोणी एकसंध अक्षर टंकतं, कोणी ‘अ’ वर चंद्र देतं. एका रीतीने टंकल्यावर पुस्तक सापडतं आणि दुसऱ्या रीतीने ‘नोंद नाही’ असं येतं का, हे दोन्ही रीतींनी शोधून पाहावं लागेल. पॅरिसच्या किंवा वेलिंग्टनच्या ग्रंथपालाला ही शंका येण्याचं कारणच नाही. वऱ्हाड, गिऱ्हाईक, सातपुड्याच्या दऱ्या ज्यांच्या ग्रंथसूचीत आहेत, त्यांनीच हे पाहायचं.

चूक सापडली की ती इंग्रजीत नोंदवावी लागते. म्हणून जोड्या लावायचं ठरवलं आहे: काउंटरचा अनुभव असलेला एक, इंग्रजी नीट लिहिणारा एक. महाविद्यालयातल्या मुलामुलींनी इथे जरूर यावं. ‘चालत नाही’ एवढं लिहून भागत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे तिन्ही लिहायचं: ‘दिवाळी अंक दिला, परतीची तारीख ३ दिवसांनंतरची यायला हवी होती, १४ दिवसांनंतरची आली.’ आणि सगळं व्यवस्थित चाललं, तर तसंही कळवायचं. कोणकोणत्या गोष्टी चालवून पाहिल्या हे सांगणारा निरोप आवृत्ती काढणाऱ्यांना तितकाच मोलाचा असतो.

याच्या पुढची पायरी सहीची. कोहात दुरुस्ती लिहिणाऱ्याने स्वतःच ती मंजूर करायची नाही, असा नियम आहे. आधी दुसऱ्या कोणी ती चालवून ‘साइन ऑफ’ करायची, मग गुणवत्ता गटातल्या तिसऱ्याने तपासायची, आणि मगच ती त्या आवृत्तीच्या प्रमुखाकडे जाते. ही पहिली सही करायला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. ‘सँडबॉक्स’ नावाची सोय आहे: ब्राउझरमध्ये दुरुस्तीचा क्रमांक टाकला, की ती लावलेला चाचणीचा कोहा तयार होतो. सोबत दिलेल्या पायऱ्या करून पाहायच्या आणि खरंच जमलं असेल तर सही करायची. तुमचं नाव त्या दुरुस्तीच्या नोंदीत कायम राहतं. एकच आग्रह, स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कोणाच्याही भिडेखातर सही करू नका.

न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांनी १९९९ मध्ये कोहा तयार करून घेतलं. त्यांची जुनी प्रणाली २००० सालची तारीख पेलणार नव्हती. तयार झालेलं काम त्यांनी कुलूप लावून ठेवलं नाही, सगळ्यांना खुलं केलं. कोहा हा माओरी शब्द. पाहुण्याने येताना आणायची भेट, जिची परतफेड कधी ना कधी करायची असते, असा त्याचा अर्थ. २०११ मध्ये कोहाची जागतिक परिषद आपल्या ठाण्यातच भरली होती. इतकी वर्षं आपण ही भेट वापरतो आहोत, आणि आपल्याकडून परत गेलेलं फार थोडं आहे, याची आम्हा सर्वांना खंत आहे.

आता मागणं. चाचणीसाठी वेगळा संगणक हवा आहे. वापरलेला चालेल, पण रॅम १६ जीबी असावी. चालू यंत्रावर हा प्रयोग आम्ही पुन्हा करणार नाही. एसएसडी (माहिती साठवायची वेगवान डिस्क) आणि यूपीएसच्या बॅटरीसाठी साधारण ८,००० रुपये लागतील. देणगी कार्यालयात द्यावी, रीतसर पावती मिळेल; जास्त जमलेली रक्कम मेच्या तपासणीसाठी राखून ठेवू आणि हिशेब फलकावर लावू. तालुक्यातल्या इतर वाचनालयांनाही विनंती आहे, की अ वर्ग असो वा ड वर्ग, एक माणूस पाठवा आणि तुमचे नेहमीचे रिपोर्ट सोबत आणा. ते इथेच चालवून पाहता येतील.

कँडिडेट आल्यानंतरचे दोन रविवार, सकाळी ९ ते १, वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसायचं आहे. तारखा फलकावर लावू. तोवर देवघेव काउंटरवरच्या वहीत नाव लिहून ठेवा. सभासदांची नावं, पत्ते, फोन चाचणीच्या प्रतीतून बदलून टाकले जातील, कोणाचीही खाजगी माहिती तिथे दिसणार नाही. सभासद क्रमांक तेवढे तेच राहतील, म्हणून येताना आपलं कार्ड आणा. जुन्या, झिजलेल्या कार्डांवरचे बारकोडही स्कॅनरने वाचून पाहायचे आहेत.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ आणि ग्रंथपाल