सुहासला पत्र : आधी लूप बदल, मग वेगाचे बोलू

धरमपेठ, नागपूर
दि. २७ मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नवतपा सुरू झाल्यापासून इथे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, त्यामुळे कूलरसमोर बसून ते दोनदा वाचले. सप्टेंबरात स्पेनला जाऊन स्पीड स्कायडायव्हिंग, म्हणजे विमानातून उडी मारून जास्तीत जास्त वेगाने खाली येण्याची स्पर्धा, शिकण्याचा तुझा बेत मला आवडला. मात्र तीन पानांत तू फक्त ताशी ४५० किलोमीटरच्याच गोष्टी केल्या आहेस. तो वेग उतरवायचा कसा आणि तोवर पाठीवरचे पॅराशूट मिटलेलेच कसे राहील, यावर एक ओळही नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

नियम तुला ठाऊक आहेत. १३,००० ते १४,००० फुटांवरून बाहेर पडायचे, डोके खाली करून सूर मारायचा, आणि हेल्मेटवरच्या जीपीएस यंत्राने टिपलेल्या सर्वांत वेगवान ३ सेकंदांची सरासरी हा आपला निकाल. मोजणी बाहेर पडल्यापासून ७,४०० फूट खाली आल्यावर संपते, आणि जमिनीपासून १,७०० मीटरच्या खाली तर ती चालतच नाही. आता हिशेब कर. पोटावर पडताना आपला वेग ताशी २०० च्या आसपास असतो. त्या वेगाने १,७०० मीटर संपायला तीस सेकंद लागतात. ताशी ४५० ने ती चौदा सेकंदांच्या आत संपतात. तुझे मन मात्र चारशे उड्या तीस सेकंदांच्याच सवयीत वाढले आहे. म्हणून दोन्ही कानांशी ऑडिबल, म्हणजे ठरावीक उंचीवर आवाज देणारी यंत्रे, लाव, आणि त्यांची पहिली सूचना नेहमीपेक्षा बरीच वर ठेव.

सूचना मिळाली की डोके एकदम वर काढू नकोस आणि हात फाकवू नकोस. त्या वाऱ्यात हात पसरला तर खांदा निखळू शकतो. हात अंगालगतच ठेवून सूर हळूहळू आडवा करत न्यायचा, कित्येक सेकंद घेऊन, आणि वेग नेहमीच्या पातळीवर आल्याची खात्री झाल्यावरच पायलट शूटला, म्हणजे मोठे पॅराशूट ओढून काढणाऱ्या छोट्या पॅराशूटला, हात घालायचा. शिबिरात पहिल्या काही उड्या केवळ या थांबण्यासाठी खर्च कर. आकडा कमी आला तर येऊ दे.

आता जे मला खरोखर सांगायचे आहे ते. दोन वर्षांपूर्वी माझ्या क्लोजिंग लूपचे, म्हणजे पिन अडकवून पॅराशूटची पिशवी बंद ठेवणाऱ्या दोरीच्या फासाचे, धागे पिनेजवळ विसविशीत झाले होते. नखाने चाचपले तेव्हा लव उठल्यासारखी लागली होती, आणि तरीही ‘अजून दोन उड्या निघतील’ असे मी स्वतःशीच म्हणालो. दुसऱ्याच उडीत, डोके खाली असताना, पाठीवरचा कंटेनर, म्हणजे तीच पिशवी, आपोआप उघडला आणि पॅराशूट बाहेर आले. त्या वेळी मी ताशी अडीचशेच्या आसपास असेन. सहा आठवडे हात गळ्यात अडकवून फिरलो, आणि आजही डावा हात फडताळाच्या वरच्या कप्प्यापर्यंत जात नाही. दोष पॅराशूट तपासणाऱ्या रिगरचा नव्हता, माझाच होता. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ४५० ला तो २०० च्या पाचपट होतो. त्या वेगात पॅराशूट उघडणे म्हणजे काय, हे मी लिहीत बसत नाही.

तेव्हा जाण्यापूर्वी लूप नवा घाल, आणि पिन सरकवताना जोर लागेल इतका तो आखूड ठेव. पायलट शूट ज्या कप्प्यात खुपसतो त्याची इलॅस्टिक सैल पडली असेल तर बदलून घे. पायलट शूटला जोडलेली पट्टी बाहेर दिसता कामा नये. मांडीचे पट्टे मागून एकमेकांना बांधून घे, म्हणजे हार्नेस गुडघ्याकडे सरकणार नाही. कपडा अंगाबरोबर हवा. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली हे खरे, पण तो वेग वेगळा होता. तुझ्या वेगात बाहीची एक मोकळी घडीही तुला डळमळवील. हे सगळे झाले की एकदा रिगरला दाखव, आणि तो ‘चालेल’ म्हणाला तरी का चालेल ते विचार.

आणखी एक. आपले नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे, आणि तू समुद्रकाठी चालला आहेस. उंची दाखवणारा अल्टीमीटर तिथल्याच जमिनीवर शून्यावर आण. रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, आपोआप उघडणारे यंत्रही तिथेच चालू कर, इथून चालू करून नेऊ नकोस.

विमानातून कोण आधी आणि कोण नंतर बाहेर पडणार, हे तिथल्या लोकांशी आधी बोलून घे. बाहेर पडल्यावर विमानाच्या मार्गाला काटकोनात सरकायचे, नाहीतर तू खालून दुसऱ्याच्या हद्दीत शिरशील.

जूनमध्ये आईंना भेटायला येशीलच, तेव्हा रिग, म्हणजे पॅराशूटचा सगळा संच, सोबत आण. सकाळी तर्री पोहे खाऊ आणि मग कूलरसमोर सतरंजी टाकून लूप मीच बदलून देईन. जुना कापून मला दे. माझ्या त्या लूपशेजारी ठेवून पाहायचा आहे.

तुझा,
विनय