फलकावरचं वाक्य

प्रिय मध्या,

आठ महिने पत्र नाही, शिव्या घालच. गुडघा बरा आहे, नंदी मजेत. आता मूळ दुखणं.

मुलांच्या दगडहत्यारांच्या कार्यशाळेसाठी फलकाचा मजकूर आलाय: ‘हत्यारं बनवणारा एकमेव प्राणी म्हणजे माणूस.’ वाचलं आणि तूच आठवलास. एसटीत बेलापूरपर्यंत हेच ओरडत होतास, आणि वाद जिंकल्याच्या आनंदात माझा वडाही खाल्लास! तो वडा अजून येणं आहे.

अरे, ते वाक्य १९६० सालीच मोडलं. टांझानियातल्या गोम्बेत संशोधक जेन गुडाल यांनी चिंपांझीला डहाळीची पानं ओरबाडून त्या डहाळीनं वाळवी काढताना पाहिलं. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटतात, धारदार छिलके पडतात, पण ती ते वापरत नाहीत. कान्झी नावाच्या बोनोबोला (चिंपांझीचा जवळचा भाऊबंद) छिलके हवे असत, दोरी कापून खाऊ मिळवायला. तो सरळ दगड फरशीवर आपटायचा.

उलट इथिओपियातल्या गोनाच्या २६ लाख वर्षांपूर्वीच्या दगडांत कोन सांभाळलेला दिसतो. गाभ्याची, म्हणजे ज्यातून छिलके काढायचे त्या दगडाची, कड नव्वद अंशांहून कमी हवी. घाव कडेपासून जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर आत, खाली उंचवटा असेल तिथे, तिरपा. कोन बोथट असला की जोर गाभ्यातच जिरतो आणि कड नुसती चुरगळते. घाव कच्चा पडला तर छिलका मध्येच तुटून पायरी राहते, आणि पुढचा प्रत्येक छिलका तिथेच अडतो. नवशिक्या चिडून तिथेच जोरात मारतो. तिथे गाभा फिरवायचा असतो, नवी कड शोधायची असते.

हे नुसतं बघून येत नाही, मध्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८४ जणांवरच्या प्रयोगात निव्वळ पाहून शिकणाऱ्यांची फारशी प्रगती झाली नाही. शिकवल्यावर झाली, बोलून शिकवल्यावर सर्वांत जास्त. मला फलकावर हेच हवंय: दुसऱ्याचं मनगट धरून ‘इथे नको, जरा अलीकडे’ म्हणणारा प्राणी. पण ‘एकमेव’ लिहायला हात धजत नाही. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमला सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वी आधी गाभा घडवून मग हवा तसा छिलका काढणारे कोण होते, हे सांगणारं हाड तिथे सापडलेलं नाही. निअँडरथल, आपले नामशेष झालेले चुलतभाऊ, तेही तसेच छिलके काढत. त्यांना कुणी शिकवलंच नसेल?

बाकी तयारी: मुठीत मावणारे गोल नदीगोटे, ताजा डोलेराइट (काळा कठीण दगड; तांबूस साल धरलेला नको, भुगा होतो), मांडीवर जाड चामडं, प्रत्येकाला गॉगल. उघड्यावरच बसायचं, धूळ छातीत जाते. खाली ताडपत्री, आणि शेवटचा छिलकाही गोळा करायचा. प्रवरेकाठी आपले छिलके राहिले तर उद्या कुणीतरी ते लाखो वर्षांचे समजेल. जमिनीत पुरलेच तर सोबत यंदाचं नाणं टाकायचं.

नवं घर, चिनूची दहावी, दोन्हींचं अभिनंदन. सविस्तर पुढच्या पत्रात.

फलक गुरुवारी छापायला जातोय. ‘एकमेव’ काढून वाक्य कसं बसवू, बुधवारपर्यंत कळव. भांडायचं असेल तर फोन कर.

तुझा,
विनू