कुठला कुडा ते पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातलं घरगुती औषधांचं सदर मी न चुकता वाचते, पण मागे जुलाबावर कुड्याची साल उगाळून घ्या एवढं एकच वाक्य आलं आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. कुठला कुडा हो? कुड्याची झाडं दोन आहेत, पांढरा कुडा आणि काळा कुडा. दोघांची फुलं पांढरी, दोघांचं पान तोडलं की चीक येतो, नवख्या माणसाला जंगलात दोन्ही सारखेच दिसतात. आवेवरचं औषध पांढऱ्याच्या सालीत.

मी जव्हारकडे 28 वर्षं झेडपी शाळेत शिकवलं. शेजारच्या पाड्यावर एक वारली आजी होती, सुईणपण करायची आणि औषधपण द्यायची, तिच्यासोबत एकदा साल आणायला गेले होते. तिने कोयत्याने बोटभर तुकडा काढला, दाढेखाली धरून चावला, थुंकला आणि मला म्हणाली, चाव. इतका कडू की रात्रीच्या भाकरीपर्यंत तोंड जागेवर आलं नाही. मग पलीकडच्या झाडाचा तुकडा दिला, तो काही तसा नव्हता. ‘हा नाय आपला,’ एवढंच बोलली. शेंगा पण दाखवल्या, काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या आणि पांढऱ्याच्या सुट्ट्या. बाजारातसुद्धा बियांना कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव म्हणतात, म्हणजे चवीची परीक्षा नावातच आहे. पुढे वाचनात आलं की पांढऱ्याच्या सालीत कोनेसिनसारखी अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी रसायनं, असतात, आवेवर तीच काम करतात आणि अल्कलॉइड्स चवीला बहुतेक कडूच. म्हणजे लॅबवाले मशीनवर शोधतात तेच आजी जिभेने शोधत होती.

साल पण एका बाजूची पट्टीच काढली, गोल सोलली तर झाड मरतं म्हणून. आणि पोर जुलाबाने मलूल झालं, डोळे खोल गेले, तर ती साल द्यायचीच नाही, मीठ घातलेली पेज पाजत पाजत आधी दवाखान्यात पळवा म्हणायची. आपलं औषध कुठे थांबतं हे तिला माहीत होतं, आणि मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं.

लोक सरळ म्हणून टाकतात की आदिवासींचं सगळं अंदाजपंचे. पण 1987 मध्ये केरळात अगस्त्यमलईच्या डोंगरात शास्त्रज्ञ तिथल्या कानी आदिवासी वाटाड्यांसोबत चढत होते, हे दमले आणि कानी मात्र कसलीतरी छोटी फळं खात ताजेतवाने, त्यातून आरोग्यपाचा ही वनस्पती बाहेर कळली, औषध निघालं, आणि त्याच्या कमाईतला वाटा कानींच्या ट्रस्टला मिळाला. आपल्याकडे मात्र नुसतं नाव उचलायचं आणि फॉरवर्ड करायचं. कोरोनात गुळवेलीचं काय झालं बघा ना, घराघरात काढा, मग 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस छापल्या आणि आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की तशीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल. खरं काय यावर अजून वाद आहे, पण वेल ओळखून कोण घेत होतं?

2002 च्या जैवविविधता कायद्यात गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, जिवांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची वही, करायची आहे. एका गावची मी बघितली, कुडा, उपयोग जुलाबावर, संपलं. कुठला कुडा, कसा ओळखायचा, किती द्यायचा, कधी द्यायचा नाही, यातलं एक अक्षर नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं नावही नाही. फार वाईट वाटलं.

आजी आता नाही. पाड्यावर अजून दोघंतिघं जाणते आहेत, सगळे सत्तरीच्या पुढचे. थंडीत शेंगा झाडावर असतात, ओळखायला सोपं जातं, तेव्हा तुमचा वार्ताहर पाठवा, मी सोबत येते. आणि त्याआधी पुढच्या सदरात एवढं तरी छापा की तो कुडा पांढरा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जव्हार, जि. पालघर