हिमोग्लोबिन कमी आले, की शेजारचे दोन आकडेही वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्तक्षयावर लेख आला की बीट, डाळिंब, खजूर, लोखंडी कढई आणि लोहाच्या गोळ्या ठरलेल्या असतात. लोहाची कमतरता हे आपल्याकडचे रक्तक्षयाचे मोठे कारण आहेच, त्यामुळे तो सल्ला चुकीचा मुळीच नाही. पण ते एकमेव कारण नव्हे. हे न सांगितल्याने घरोघरी काय होते, ते मी पुण्यातल्या लॅबमध्ये नोकरीभर पाहिले आहे.

मी कामाला लागले तेव्हा हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत मोजत असू. बोटातून काढलेले 20 मायक्रोलिटर रक्त पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचे, तपकिरी रंग धरला की थेंब थेंब पाणी घालत तो शेजारच्या काचेशी जुळवायचा. त्यातून एकच आकडा मिळे. आता जांभळ्या झाकणाची बाटली सेल काउंटरला लावली की मिनिटाभरात पानभर आकडे येतात, आणि तरी रिपोर्ट हातात पडल्यावर लोक वाचतात तो पहिलाच.

पिंपरीहून एक मुलगी तपासणीला यायची. हिमोग्लोबिन 10.6. शाळेपासून लोहाच्या गोळ्या चालू, पोट सतत बिघडलेले, आणि आकडा जागचा हलत नाही. ‘गोळ्या फेकून देतेस ना?’ म्हणून आई तिला सगळ्यांसमोर रागावायची. तिच्या त्याच रिपोर्टवर तांबड्या पेशींची संख्या 56 लाख होती आणि एमसीव्ही, म्हणजे पेशीचे सरासरी आकारमान, 64. हे 80 ते 100 असायला हवे. लोह कमी पडते तेव्हा पेशी लहान होतात आणि बहुधा त्यांची संख्याही घटते. इथे पेशी इवल्याशा, पण भरपूर. 56 लाख म्हणजे 5.6 दशलक्ष. 64 ला 5.6 ने भागा, 11.4 येतात. हा भागाकार 13 च्या खाली गेला की थॅलेसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, वाहकाचा (सदोष जनुक बाळगणाऱ्या, पण स्वतः तो आजार न झालेल्या माणसाचा) संशय घ्यायचा. अर्थात हा अंदाज. खरा निवाडा हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीचा, आणि तीत तिचे एचबी-ए-टू, म्हणजे त्यातला एक प्रकार, 5.4 टक्के निघाले. साडेतीनच्या वर म्हणजे वाहक. पोरगी गोळ्या इमानाने घेत होती!

असे का होते, ते समजून घ्यायला हवे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात: 141 अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि 146 अमिनो आम्लांच्या दोन बीटा. प्रत्येक साखळीत हीम नावाचे एक कडे आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू. बीटा साखळी कशी बांधायची, ते 11 व्या गुणसूत्रावरच्या डीएनएत लिहिलेले असते. भारतात बीटा थॅलेसेमियात सर्वांत जास्त सापडणारा बदल तर साखळीच्या मजकुरातही नसतो. मधला जो तुकडा पुढे कापून टाकायचा असतो, त्यातल्या पाचव्या जागी डीएनएच्या ‘जी’ या अक्षराऐवजी ‘सी’ येते. तेवढ्याने आरएनए, म्हणजे त्या मजकुराची नक्कल, बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी कापला जातो आणि बीटा साखळ्या पुरेशा तयारच होत नाहीत. मग लोह ओतून काय उपयोग? ते धरायला साखळी कुठे आहे?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात याच बीटा साखळीच्या जनुकात ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ होते आणि सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये या हिमोग्लोबिनचा विद्युतभार वेगळा असल्याचे दाखवले. नेमका बदल नंतर व्हर्नन इन्ग्राम यांनी शोधला. ऑक्सिजन सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांबच लांब दांडे बनवतात आणि पेशी विळ्यासारखी वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हा आजार जास्त आढळणाऱ्या नंदुरबार, गडचिरोलीकडची कितीतरी मुले पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकतात. त्यांच्यातल्या कुणाचे हातपाय असह्य दुखू लागले, तर ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून सोडून देऊ नये.

एन्झाइमचा, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचा, भाग तर कुणीच लिहीत नाही. हीमच्या कड्यात लोह बसवण्याचे काम फेरोकिलेटेज हे एन्झाइम करते. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कामगाराच्या अंगात शिसे गेले की हे काम अडते. जी-सिक्स-पीडी हे दुसरे. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, ऑक्सिडेशनपासून बचाव करायला तिला या एकाच एन्झाइमच्या वाटेचा आधार असतो. ते जन्मतः कमी असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले, किंवा अशा माणसाने हिवतापावर प्रायमाक्विन घेतले, तर पेशी भराभर फुटतात. बाळंतविडा डांबरगोळ्यांसह पेटीत जपणाऱ्या आज्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचायलाच हवी.

कृपया कुणी शाळेत किंवा आरोग्य केंद्रात मिळणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वाहकालाही लोह कमी असू शकते, आणि मग त्याचे एचबी-ए-टू खोटेच कमी दिसू शकते. म्हणून लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही पाहावे लागते. नियमाने गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना एमसीव्ही आणि पेशींची संख्या दाखवा, एवढेच माझे म्हणणे आहे. जास्तीचे लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचे गंभीर रूप, झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्या प्रत्येक पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते काढायला पुन्हा रोजचे औषध.

पुण्यातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. ओळखपत्रासाठी रक्तगट विचारता, तर पहिल्या वर्षाच्या मुलामुलींची एचपीएलसी तपासणी एकदाच करून घ्या, आणि निकाल फक्त त्यांच्याच हातात द्या. स्थळे पाहणाऱ्या आईवडिलांना सांगते, दोघांपैकी एकच बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल आणि दुसऱ्याचा अहवाल निर्दोष असेल, तर मुलांना थॅलेसेमिया मेजरचा धोका राहत नाही. त्यावरून मुलीला नाकारणे हा निव्वळ अन्याय आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के, आणि गर्भाला तो आजार आहे का, हे सुरुवातीच्या तीन महिन्यांतही तपासता येते.

पुरवणीच्या पुढच्या लेखात बीट-डाळिंबाच्या चौकटीशेजारी एमसीव्ही आणि एचबी-ए-टू यांसाठी चार ओळींची जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
कसबा पेठ, पुणे