ॲप आहे, शेजारी बसणारं माणूस हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलच्या मदतीनं स्वतःला कसं घडवावं, यावरचा लेख वाचला. पावलं मोजणारं ॲप, पाणी प्यायची आठवण करणारं ॲप, झोप तपासणारं, इंग्रजी बोलायला शिकवणारं, अशी बरीच माहिती त्यात आहे. पण ती सगळी ज्याच्या हातात दिवसातला एखादा तास स्वतःचा आहे, त्याच्यासाठी आहे. मी सोलापूरच्या पूर्वभागात राहते आणि शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवर, बसते. आमच्याकडच्या बायकांच्या बाजूनं थोडं लिहावंसं वाटलं.

आधी पावलांचं बोलते. दिवसभर मशीनवर माझा पाय हलत असतो, पण ॲप ते धरत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं गेल्यावर बाहेर चालायला निघणंही जमत नाही. मग रात्री तो आकडा बघून बायका खट्टू होतात. रोज दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या डॉक्टरनं तपासून ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते, आणि ती तुकड्या-तुकड्यानं केली तरी चालते. हे सांगितलं की आमच्या बायकांचा जीव भांड्यात पडतो. लेखात एवढी एक ओळ असती तरी बरं झालं असतं.

पण मला खरं लिहायचंय ते शेजारच्या अक्कांबद्दल. वय साठीच्या पुढं. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. लहानपणापासून बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. मजुरी हजार बिड्यांमागे. किती बिड्या घेतल्या, किती खराब म्हणून बाजूला काढल्या, हे पुस्तकावर लिहून मिळतं. ते पुस्तक अक्का आयुष्यभर दुसऱ्याकडून वाचून घेत आल्या. आपलं पुस्तक आपल्याला वाचता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

माझ्या मुलीनं त्यांच्या सुनेच्या फोनमध्ये गूगलचं रीड अलाँग टाकून दिलं. २०१९ मध्ये ते बोलो या नावानं आलं होतं. लहान मुलांना वाचायला शिकवण्यासाठी बनवलंय, फुकट आहे, त्यात मराठी आहे आणि तेलुगूही आहे. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. पडद्यावरचं वाक्य आपण मोठ्यानं वाचायचं, ॲप ऐकतं. शब्द अडला तर त्यावर बोट ठेवायचं, की ते उच्चारून दाखवतं.

अक्का फोन समोर डब्याला टेकवून ठेवतात. हात वळत असतात, तोंड वाचत असतं. बोटांना तंबाखूची भुकटी लागलेली, म्हणून अडलं की करंगळी मुडपून तिच्या पेरानं पडदा दाबतात. क, म, ल लवकर बसले. जोडाक्षर आलं की मात्र हात थांबतो. आणि हात थांबला की तेवढ्या वेळाची मजुरी थांबते. शिकायला लागणारं प्रत्येक मिनिट ही बाई आपल्या कमाईतून देते, हे मी रोज डोळ्यांनी बघते. स्वतःला घडवण्याबद्दल जे लिहितात, बोलतात, त्यांनी ही किंमत एकदा लक्षात घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरं असं की बऱ्याच ॲपमध्ये रोज सलग वापरल्याचा आकडा असतो. एक दिवस चुकला की तो शून्यावर. माझी मुलगी इंग्रजीचं असंच एक ॲप वापरत होती. इथल्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले, घर भरलं, खंड पडला, आणि शून्य दिसल्यावर तिचा धीरच सुटला. लंडनमध्ये सवयी कशा लागतात यावर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात, ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी बाईला दुसरं काही सुचत नाही. तिला शून्य दाखवून काय मिळवायचं?

अक्कांनीही मधे सोडून दिलं होतं. ससा आणि हत्तीच्या गोष्टी वाचून पुस्तक कधी वाचता येणार, असं त्यांना वाटायला लागलं. ते ॲपला कळण्यासारखं नव्हतं. मुलगी जाऊन बसली, विचारलं, आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या मजुरीच्या पुस्तकातलेच शब्द मोठ्या अक्षरात लिहून दिले: तारीख, जमा, एकूण, बाकी. मग गाडी पुन्हा रुळावर आली. आता ॲपवर गोष्ट आणि कॅलेंडरवर कामाचे शब्द, असं दोन्ही चालतं. मध्यंतरी अक्कांनी पुस्तकातला एक आकडा चुकलेला स्वतः वाचून दाखवला आणि तो दुरुस्तही करून घेतला.

केंद्र सरकारचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून चालू आहे. पंधरा वर्षांवरच्या, शाळा न मिळालेल्या सगळ्यांसाठी तो आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्याचंही ॲप आहे, आणि शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान यांची परीक्षा होते. आमच्या गल्लीतल्या किती बायकांना हे ठाऊक आहे, ते मी विचारून पाहिलं. कुणालाच नव्हतं.

पूर्वभागात आणि कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार बायका हजारोंनी राहतात. महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी बंद असतात. त्यातला एखादा वर्ग तासभर उघडावा, बायकांनी आपलं सूप आणि फोन घेऊन यावं, काम करत वाचावं, आणि महाविद्यालयातल्या मुलामुलींनी शेजारी बसावं. आमच्या विद्यापीठानं आणि राष्ट्रीय सेवा योजनेनं हे मनावर घेतलं तर अवघड नाही. तेलुगू येणारी मुलं असतील तर फारच चांगलं.

संपादकसाहेब, हे पत्र मी फोनला मराठीतून बोलून टाइप केलंय; ऱ्हस्वदीर्घ मुलीनं तपासले. फोनचा उपयोग मी जाणते, म्हणूनच आपल्याकडेही एक मागणं आहे. आठवड्यातून एकदा, पानाच्या एका कोपऱ्यात, नव्यानं वाचायला शिकलेल्या मोठ्या माणसांसाठी दहा-बारा ओळी छापाव्यात. लाइट बिल कसं वाचायचं, रेशन कार्डावर काय असतं, प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर कुठला आकडा बघायचा, असे विषय घ्यावेत. टाइप मोठा असावा, वाक्यं छोटी असावीत, आणि जोडाक्षरं सुरुवातीला कमी ठेवावीत.

आपली,
एक शिलाई कामगार, पूर्वभाग, सोलापूर