रिटर्नमध्ये खोट्या वजावटी दाखवल्याबद्दल आणि हक्काची सवलत न मागितल्याबद्दल तक्रार

दिनांक : 6 ऑक्टोबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
आयकर रिटर्न सेवा, जळगाव शाखा

विषय : आर्थिक वर्ष 2024-25 च्या माझ्या आयकर रिटर्नबाबत

महोदय,

मी अमळनेर तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. यंदाचं माझं रिटर्न तुमच्या कंपनीनं 12 ऑगस्टला भरलं. 1 सप्टेंबरला माझ्या खात्यावर 40,040 रुपये रिफंड आला आणि ठरल्याप्रमाणे त्याचे दहा टक्के, म्हणजे 4,004 रुपये, मी त्याच संध्याकाळी तुम्हाला पाठवले. 499 रुपये फी आधीच दिली होती. रिफंड मिळालेल्या बाईची तक्रार कसली, असं तुमच्या फोनवरच्या माणसानं मला विचारलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुमचे दोन प्रतिनिधी मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये आले. मी त्यांच्यासमोर तीन कागद ठेवले: फॉर्म 16 (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा शाळेनं दिलेला दाखला), बँकेचं पासबुक आणि थकलेल्या पगाराच्या फरकाचा तक्ता. आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीचा, लाभ मला एप्रिल 2019 पासून मंजूर झाला, पण पैसे हातात यायला जानेवारी 2025 उजाडला. मार्च 2024 पर्यंतच्या पाच वर्षांचा फरक, 2 लाख 40 हजार रुपये, एकाच पगारात जमा झाला. तो तक्ता आमच्या लिपिक भाऊंनी महिनावार करून दिला होता, साठ ओळींचा. तुमच्या प्रतिनिधीनं तो उलटूनही पाहिला नाही. "ताई, हे नको, फक्त फॉर्म 16, पॅन आणि आधार द्या," म्हणाला आणि तक्ता टेबलावरून माझ्याकडे सरकवला. माझी पहिली तक्रार तिथूनच सुरू होते, कारण माझ्या रिफंडचं सगळं काम त्या सरकवलेल्या कागदातच होतं.

फरक नसता तर माझा वर्षाचा पगार 7 लाख 20 हजार होता. नवीन करपद्धतीत 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की 6 लाख 45 हजार उरतात, आणि त्या वर्षी 7 लाखांपर्यंत कलम 87ए ची सूट असल्यामुळे कर शून्य. फरक मिळवल्यावर मात्र करपात्र रक्कम 8 लाख 85 हजार झाली. त्यावर 38,500 कर आणि चार टक्के उपकर मिळून 40,040 रुपये शाळेनं कापून घेतले. फॉर्म 16 मध्ये हाच आकडा आहे. शाळेचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. ज्या वर्षी पैसा हाती येतो त्या वर्षी तो उत्पन्नात धरायचा, हा नियमच आहे.

पण कायद्यानं याच अडचणीसाठी कलम 89 ठेवलं आहे. थकलेला पगार एकदम मिळाला तर तो ज्या त्या वर्षात मांडून पाहायचा. त्या त्या वर्षी मिळाला असता तर किती कर पडला असता आणि आता एकदम मिळाल्यानं किती पडला, यातला जादा भाग माफ होतो. त्यासाठी फॉर्म 10ई आयकराच्या पोर्टलवर रिटर्नच्या आधी भरावा लागतो. तो न भरता नुसती सवलत मागितली तर ती नाकारली जाते. माझ्या बाबतीत 2019-20 ते 2023-24 या पाचही वर्षांत प्रॉव्हिडंट फंड, विमा वगैरे वजा जाता करपात्र उत्पन्न, त्यात फरक मिळवूनसुद्धा, 5 लाखांच्या आतच राहतं. जुन्या करपद्धतीत 5 लाखांपर्यंत सूट असते, म्हणजे त्या वर्षांत कर शून्य. म्हणजेच कापलेले सगळेच्या सगळे 40,040 रुपये कायद्यानं मला परत मिळायला हवे होते, एकही खोटी ओळ न लिहिता.

ही सगळी माहिती मला तुमच्याकडून मिळाली नाही. ती मिळाली 8 सप्टेंबरनंतर, आणि कशी ते सांगते.

मुलीच्या डी. फार्मसीच्या फीसाठी मी आमच्या पतपेढीत कर्जाचा अर्ज केला. त्यासाठी रिटर्नची प्रत लागते. तुमच्या कार्यालयानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत मी छापून दिली. पतपेढीतल्या दादांनी ती वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि हळूच विचारलं, "ताई, तुम्ही दिव्यांग आहात का? अर्जात तर तसं काही लिहिलेलं नाही." मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवून बोट ठेवलं. कलम 80यू, स्वतःचं अपंगत्व, 75,000 रुपये. त्याखाली कलम 80जीजीसी, राजकीय पक्षाला देणगी, 1,82,500 रुपये. माझ्यामागे कर्जासाठी आणखी तिघंजण उभे होते. त्यांच्यादेखत मला सांगावं लागलं की मी धडधाकट आहे आणि मी कुठल्याही पक्षाला कधी रुपयाही दिलेला नाही.

घरी येऊन मी ते रिटर्न ओळ न ओळ वाचलं. देणगीच्या तक्त्यात तारीख होती, व्यवहाराचा क्रमांक होता, बँकेचा आयएफएससी कोड होता. त्या तारखेचं पान मी पासबुकात काढलं. त्या दिवशी माझ्या खात्यातून गॅस सिलिंडरचे पैसे गेले आहेत, दुसरं काहीही नाही. म्हणजे तुमच्या माणसानं नुसता आकडा टाकला नाही, तर एक न झालेला व्यवहार क्रमांकासकट रचला. ही नजरचूक असूच शकत नाही.

मग हिशेब करून पाहिला तर डोकंच सुन्न झालं. तुम्ही मला न विचारता जुन्या करपद्धतीत टाकलं. तिथं प्रमाणित वजावट, व्यवसाय कर आणि 80सी चे (प्रॉव्हिडंट फंड, विमा वगैरे बचतीचे) दीड लाख जाऊन 7 लाख 57 हजार 500 उरतात. त्यातून तुमचे दोन खोटे आकडे, 75,000 आणि 1,82,500, वजा केले की बरोबर 5 लाख होतात आणि कर शून्यावर येतो. आकडा बेतून, मापून घेतलेला आहे. त्यातून आलेला रिफंड 40,040, आणि कलम 89 नं माझ्या हक्काचा होता तोही 40,040. खरं लिहूनही तेवढेच पैसे मिळत होते. तुमच्या माणसाला त्यासाठी फक्त माझा तक्ता उघडून पाच वर्षांचे पाच आकडे भरायचे होते.

माझ्या सासूबाई शिकलेल्या नाहीत. रात्री मी कागद पसरून बसले होते तेव्हा त्यांनी काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, पैसे आपलेच आहेत, पण त्यांनी कागदावर खोटं लिहून आणलेत. त्या म्हणाल्या, "मंग खरं लिखाले काय व्हयनं व्हतं त्यास्ले?" हाच प्रश्न मी तुम्हाला विचारते आहे, आणि त्याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

9 सप्टेंबरला तुमच्या जळगाव कार्यालयात फोन केला. उत्तर मिळालं: "सगळ्यांचं असंच भरतो, छाननीत कोणी येत नाही, काळजी करू नका." महोदय, 14 जुलै 2025 ला आयकर खात्यानं अशाच खोट्या वजावटींच्या प्रकरणात देशभरात 150 ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी मिळून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचं खात्यानं तेव्हाच जाहीर केलं होतं. ही बातमी येऊन महिना व्हायच्या आत तुम्ही माझं रिटर्न भरलं. त्या दोन वजावटी खात्यानं नाकारल्या असत्या तर जुन्या पद्धतीनं माझ्यावर 66,560 रुपये कर बसला असता, वर व्याज, आणि उत्पन्नाची चुकीची माहिती दिली म्हणून चुकवलेल्या कराच्या 200 टक्के दंड. तो तुमच्या कंपनीला नाही, मला भरावा लागला असता, कारण रिटर्नवर नाव माझं आहे. शिवाय अनुदानित शाळेतल्या कर्मचाऱ्यानं पक्षाला पावणेदोन लाखांवर देणगी दिली, हे संस्थेत कळलं असतं तर मी कोणाकोणाला उत्तर देत फिरले असते?

ओटीपी मी फोनवर सांगितला, ही माझी चूक आहे आणि मी ती मान्य करते. पण रिटर्न भरण्याआधी प्रत दाखवा, असं मी दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळा "नंतर पाठवतो" असं उत्तर आलं. आणि पोर्टलवर माझ्या खात्यात माझ्या ई-मेलच्या जागी तुमच्या कार्यालयाचा ई-मेल टाकलेला होता. खात्यानं काही विचारलं असतं तर ते पत्र तुमच्याकडे आलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता. या एका गोष्टीचा मला जितका राग आला, तितका पैशांचा आला नाही.

मी एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवर चुकून उर्ध्वपातित पाण्याची चिठ्ठी लागली तर नववीतल्या एखाद्या मुलाचा हात भाजेल, म्हणून चिठ्ठी लिहिल्यावर मी ती परत वाचते. तुम्ही माझ्या नावाचा कागद भरलात आणि तो परत वाचलासुद्धा नाहीत. किंवा वाचलात आणि तसाच पाठवलात. यातलं वाईट काय, ते मला ठरवता येत नाही.

अमळनेरच्याच एका कर सल्लागारांकडे मी गेले. त्यांनी घरातल्या पेटीतले पाच वर्षांचे फॉर्म 16 मागवून घेतले, फरकाचा तक्ता समोर ठेवला, आधी फॉर्म 10ई भरला आणि मग 12 सप्टेंबरला नवीन करपद्धतीनं सुधारित रिटर्न दाखल केलं. दोन्ही खोट्या वजावटी काढून टाकल्या. सगळं काम दीड तासात झालं. त्यांनी 2,000 रुपये घेतले, आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते मला दाखवून मगच माझ्याकडून ओटीपी घेतला. सुधारित रिटर्नवरची प्रक्रिया अजून व्हायची आहे, म्हणून माझ्या जिवाला घोर आहेच.

आता माझ्या मागण्या. कमिशनचे 4,004, फीचे 499 आणि रिटर्न सुधारायला लागलेले 2,000 असे एकूण 6,503 रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. मनस्तापाचे पैसे मी मागत नाही. दुसरं, कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं की 80यू आणि 80जीजीसी या दोन्ही वजावटी माझ्या सांगण्यावरून किंवा माझ्या माहितीनं टाकलेल्या नव्हत्या. उद्या खात्यानं विचारलं तर हा कागद मला लागेल, म्हणून पैशांपेक्षा तो आधी हवा आहे. माझ्या पॅन आणि आधारच्या प्रती नष्ट करून तसं कळवावं. पोर्टलचा पासवर्ड आणि ई-मेल मी बदलून घेतला आहे.

आणि एक मागणी जी माझ्या एकटीची नाही. आमच्या शाळेतल्या आणखी चौघांचे रिटर्न तुम्हीच भरले आहेत. माझं पाहून त्यांनीही आपापल्या प्रती काढल्या. एका सरांच्या रिटर्नमध्ये शैक्षणिक कर्जाचं व्याज दाखवलं आहे. त्यांनी किंवा त्यांच्या पत्नीनं असं कर्ज कधी काढलेलं नाही, आणि त्यांची मुलगी तिसरीत आहे. या चौघांची सुधारित रिटर्न 31 डिसेंबर 2025 पर्यंत भरता येतात. ती तुमच्या खर्चानं, पण त्यांनी निवडलेल्या सल्लागाराकडून भरून द्यावीत. खानदेशात तुम्ही आणखी ज्या ज्या शाळांत आणि कारखान्यांत असे रिटर्न भरले असतील, त्या प्रत्येकाला मुदतीच्या आत फोन करून सांगावं. कित्येकांना आपल्या नावावर काय लिहिलंय याची कल्पनाही नसेल, जशी मला नव्हती.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांवरून, मी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे मी विचारून घेतलं आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर मी आधीच नोंद केली आहे.

सोबत मूळ रिटर्नची प्रत, सुधारित रिटर्न, फॉर्म 10ई ची पोच, देणगीच्या कथित तारखेचं पासबुकाचं पान, तुम्हाला पाठवलेल्या पैशांच्या पावत्या आणि तुमच्या प्रतिनिधीनं न पाहिलेला तो साठ ओळींचा तक्ता जोडत आहे. तो तक्ता या वेळी उघडून पाहावा.

आपली ग्राहक,
(सही)
प्रयोगशाळा सहाय्यक,
ता. अमळनेर, जि. जळगाव