लस कधी टोचली, ते पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात लस देऊनही ढोरं दगावल्याची बातमी आली, त्यात बैल कोणाचे, नुकसान किती, सगळं होतं, फक्त लस कोणत्या तारखेला टोचली तेच नव्हतं, आणि खरी गोम तिथंच आहे ना. आमच्या इकडं घटसर्पानं, म्हणजे ढोरांच्या गळा सुजवणाऱ्या रोगानं, एक ढोर पडलं की मग लसीच्या कॅम्पसाठी धावपळ, अन् आठ दिवसात दुसरं पडलं की पारावर फैसला, लसच बोगस!

अहो लस म्हणजे काही तयार ताकद नाही. लसीतला मेलेला जंतू आधी मॅक्रोफेजसारख्या पेशी गिळतात, त्याचे तुकडे 'टी' नावाच्या पांढऱ्या पेशींना दाखवतात, त्या मग 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशींना कामाला लावतात, तेव्हा कुठं जंतूला अडवणाऱ्या अँटिबॉडी बनतात, याला दोन-तीन आठवडे जातात म्हणजे जातातच. तोवर भिस्त न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींवर. जंतू शिरला की सगळ्यात आधी ह्याच पेशी धावतात, त्याला खातात अन् मरतात, दगडी झालेल्या, म्हणजे कास सुजलेल्या गायीच्या पहिल्या धारेत त्या पांढऱ्या गुठळ्या येतात ना, त्यात ह्याच मेलेल्या भरलेल्या असतात. पण घटसर्प एक-दोन दिवसात कारभार आटोपतो, तिथं एकट्या न्यूट्रोफिलचं काय चालणार.

वासराची गोष्ट तर अजून नाजूक. माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडी पोटातच मिळतात, वासराला मिळत नाहीत, त्याला त्या चिकातूनच घ्याव्या लागतात, चिकात आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी पण असतात. अन् 24 तासांत वासराच्या आतड्यातून अँटिबॉडी रक्तात जायचं दार बंद होते, म्हणून पहिल्या दोन-चार तासातच पाजायला पाहिजे. तरी कितीतरी घरी जार पडेपर्यंत वासराला थानाला लावत नाहीत, म्हातारे ऐकतच नाहीत बाप्पा, खरवस मात्र गल्लीभर वाटतात!

आता मुद्द्याचं. घटसर्प अन् फऱ्या, ह्या दोन्ही रोगांच्या लसीचा कॅम्प मे महिन्यात, मृगाच्या आधी पाहिजे. जूनमध्ये पेरणीच्या घाईत कोणता कास्तकार बैल सोडून आणील, लसीनं एखाद-दोन दिवस ताप येते, मान सुजते, बैल जुंपता येत नाही. लाळ्या-खुरकुताची लस तर दर सहा महिन्यांनी लागते, तिथं मागच्या वर्षी दिली होती ना म्हणून भागत नाही.

कॅम्पच्या तारखा गावाच्या नावासकट आधीच छापा, अन् बातमी लिहिताना लस किती दिवसांपूर्वीची होती तेवढं डॉक्टरला विचारत जा.

- एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ